नावं घासलेल्या वाट्या

बाई आमच्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसलेल्या, प्रत्येकीपुढं तीन वाट्या आणि पाण्याचं भांडं. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून, हात मागं बांधून. "पहिली घ्या. आता पाणी. आता दुसरी." हे सगळं त्या कॅलेंडरला सांगायच्या. आमचा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून नव्हे, त्यांचा चेहरा आम्हाला दिसू नये म्हणून.

"माणूस वांगं चाखत नाही, समोरच्याचं तोंड चाखतो," असं त्या म्हणत.

आता मी साताऱ्यात पुढचं शिकते. मंडईच्या कोपऱ्यावर एक जण सेंद्रिय भाजीचा गाडा लावतो. मागच्या आठवड्यात त्यानं काकडीची फोड पुढं केली. "ताई, खाऊन बघा. चवीत फरक लागतोय का न्हाई सांगा." मी फोड तोंडात घातली आणि माझ्याही नकळत त्याच्याकडं पाठ केली. तो म्हणाला, "आवं, एवढी वाईट लागली व्हय?" मला हसू आलं आणि लगेच बाईंची आठवण आली. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात आहे. मला ते नीट जमेल का, ठाऊक नाही. त्यांना ओळखणारी माणसं त्यांना विक्षिप्त म्हणतात. ते खोटंही नाही. पण तेवढंच म्हणून थांबणं मला बरोबर वाटत नाही.

मी आटपाडीकडची. आमच्याकडं मेंढरं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळं सांगलीत कुठं राहायचं, कुणाला विचारायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. एका शिक्षकांनी बाईंचा पत्ता दिला. बाई रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. घराच्या मागच्या बाजूची एक खोली त्या दोन मुलींना देत. वडील मला सोडायला आले तेव्हा बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "माझी अट एकच आहे. रविवारी दुपारी तुमच्या मुलीनं माझ्याकडं वांग्याचं भरीत चाखायचं."

वडील गोंधळले. "फकस्त चाखायचं?"

"चाखायचं आणि खरं सांगायचं."

बाहेर आल्यावर वडील हळूच म्हणाले, "बाई चांगली हाय. जरा येगळी हाय. पर चांगली हाय."

चाखायची रीत अशी होती. तीन वाट्यांत तीन चमचे भरीत. त्यांतल्या दोन वाट्यांत एकाच शेतातल्या वांग्यांचं, तिसरीत दुसऱ्या शेतातल्या. वेगळी वाटी कोणती, एवढंच ओळखायचं. एका शेतात नुसतं शेणखत आणि लेंडीखत, फवारणी नाही. दुसऱ्या शेतात पोत्यातलं खत आणि दर आठवड्याला औषध. दोन्ही रानं कुंडलच्या खाली नदीकाठच्या एकाच गावातली, बांधाला बांध लागून. जात एकच, ती पांढुरकी हिरवी, जांभळ्या रेघांची, काटेरी देठाची वांगी. पहिलं रान बाईंच्या धाकट्या भावाचं. दुसऱ्या रानातली वांगी शनिवारच्या बाजारात एका ठरलेल्या बाईकडं मिळायची. वांगी एकाच शेगडीवर भाजायची, सारखीच सोलायची, आणि मीठ अजिबात घालायचं नाही. मिठानं सगळीच वांगी शहाणी होतात, असं बाईंचं मत.

दुसरा घास मागायची तर सोयच नव्हती. "दुसऱ्यांदा वाढून घेतलं की जीभ खोटं बोलायला लागते." त्या स्वतःही कधी, कुठंही, काहीही दुसऱ्यांदा वाढून घेत नसत. शेजारी कुणाकडं बारशाला जेवायला गेल्या तरी नाही. वाढणाऱ्याच्या हातावर हात ठेवायच्या आणि "झालं" म्हणायच्या. त्यामुळं वाढणाऱ्या बायकांना वाटायचं, बाईंना आवडलं नाही. छान झालंय असं तर त्या कधी म्हणतच नसत.

त्या वाट्यांचीही एक गोष्ट होती. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात, कुणी दिलं, कुणाला दिलं. बाईंच्या वास्तुशांतीला भावानं ताट-वाट्यांचा मोठा संच आणला होता आणि प्रत्येक भांड्यावर 'ति. आक्कास, आप्पाकडून' असं कोरून घेतलं होतं. त्यांतली चार ताटं बाईंनी माघारी त्याच्याकडंच ठेवायला दिली, तिकडं गेल्यावर जेवायला म्हणून. वाट्या इथं राहिल्या. पुढं हे चाखण्याचं सुरू झालं तेव्हा बाईंनी त्यांतल्या वाट्या भांड्यांच्या दुकानात नेऊन त्यावरची नावं घासून काढून आणली. दुकानदार म्हणाला म्हणे, "बाई, लोक नाव घालायला येतात. काढायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"वाटीवर आप्पाचं नाव दिसलं की मला वांगं गोड लागायचं," बाईंनी आम्हाला सांगितलं. "डोळे नाही मिटायचे पोरींनो. नाव मिटवायचं."

माझ्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी विट्याची. तिच्या वडिलांचं तमिळनाडूत गलाईचं दुकान, सोनं आटवून शुद्ध करायचं. तिला सगळ्याची थट्टा करायची सवय. ती म्हणायची, "आमच्यात सोनं आगीत घालून पारखतात. बाईंनी वांगं घातलंय." पण रविवारी तीही गुपचूप मांडी घालून बसायची.

ओट्यावर दोन काचेच्या बरण्या होत्या. ओळखलेलं बरोबर आलं की एका बरणीत चिंचोका टाकायचा, चुकलं की दुसरीत. भावाच्या वांग्याच्या वाटीला तळाशी कणकेचा बारीक ठिपका लावलेला असायचा. वाटी उलटी करून तो बघायचा आणि चिंचोका टाकायचा. चुकलेल्यांची बरणी कायम बरोबरच्या दुप्पट असायची. मला वाटायचं, एवढे चिंचोके बरोबर आहेत म्हणजे थोडं तरी कळतंय. बाई म्हणाल्या, "तीन वाट्यांतली एक डोळे झाकून उचलली तरी तिनांत एकदा बरोबर येतेच. आपल्याला त्याहून जास्त काही येत नाही. म्हणजे कळत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. एका वांग्यासाठी एवढं वाईट का वाटावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी पहिले काही रविवार सारखी "तिसरी" म्हणत होते. बाईंनी एकदा कॅलेंडरकडं बघतच विचारलं, "तू नेहमी तिसरीच का म्हणतेस?"

वर्गात मी कधी हात वर करायचे नाही. मला कळलं नाही असं म्हटलं तर लोक म्हणतील, मेंढरामागची पोर, हिला कसं कळणार. म्हणून मी काहीतरी उत्तर द्यायचे. पण बाईंची अट खरं सांगायची होती. मी म्हटलं, "बाई, मला फरक कळत नाही. शेवटची चव लक्षात राहते म्हणून तिसरी म्हणते."

बाई वळल्या. चाखताना त्या कधी वळत नसत, पण तेव्हा चाखणं झालं होतं. त्यांचा चेहरा उजळला होता. "हे पहिलं खरं उत्तर दिलंस. कळलं नाही, हे उत्तर आहे. ते शिवी दिल्यासारखं खाली मान घालून सांगायचं नाही."

मी त्यानंतर कॉलेजात "सर, मला कळलं नाही" असं पहिल्यांदा म्हटलं. ते सोपं नव्हतं. सर चिडले नाहीत, पुन्हा सांगितलं. एवढंच.

असंच एकदा मी खतांवर काहीतरी लिहीत होते आणि मेंढ्यांचं मलमूत्र असं लिहिलं. बाई मागून वाचत होत्या. "तुझ्या घरी काय म्हणतात?"

"लेंड्या," मी पुटपुटले.

"मग लेंड्या लिही. तुझे वडील रानात मेंढरं बसवतात, तेव्हा शेतकरी त्यांना काय म्हणतो, मलमूत्र बसवा म्हणतो?"

विट्याच्या मैत्रिणीला त्यावर इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. आमची मेंढरं सुगी झाली की खाली नदीकाठाला उतरतात. शेतकरी वडिलांना बोलावतात, खतासाठी चार रात्री रानात मेंढरं बसवून घेतात. मी लहानपणी त्या रानांतून चाललेली आहे. मेंढरं बसून गेलेली जमीन पायाला वेगळी लागते, हे मला माहीत होतं. ते वांग्यात उतरतं का, हे मात्र माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं.

भाऊ वांगी एसटीनं पाठवायचे. रविवारी सकाळी पलूसकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडं एक पिशवी असायची आणि ती आणायला मी स्टँडवर जायचे. पिशवीत चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसती वांगी. सगळी कोवळी, एकसारखी, एकही किडकी नाही. निवडून घेतलेली. मला वाटायचं बहीण-भावाचं किती प्रेम आहे. कंडक्टर मात्र एकदा म्हणाले, "बहिणीशी बोलत न्हाई, पर वांगी चुकवत न्हाई. आमचा शेंद्री आप्पा म्हंजे एक नमुना हाय."

शेंद्री आप्पा हे त्यांचं गावातलं नाव. त्यांनी 'सेंद्रिय वांगी' अशी पाटी लावली, आणि गावाच्या तोंडात त्याचं शेंद्री झालं. पारावर बसणारी माणसं विचारायची, "आप्पा, वांगं हिरवं, पाटी पांढरी, मग शेंद्री कुठं हाय रं?" आप्पा चिडायचे. ते चिडतात म्हणून माणसं जास्त विचारायची.

मी बाईंना विचारलं. बाई भाजलेल्या वांग्याची काळी साल काढत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

आप्पा एकदा फवारताना चक्कर येऊन सरीत पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पंप शेजाऱ्याला देऊन टाकला आणि पुन्हा औषध मारलं नाही. पहिली काही वर्षं वांगी कमी आली, किडकी आली. मग रान सुधारलं. पण बाजारात कुणी वेगळं मानेना. तेव्हा आप्पा म्हणायला लागले, माझ्या वांग्याची चवच वेगळी. गावात शेतकऱ्यांचा मेळावा झाला, तिथं त्यांनी बहिणीला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची आक्का कॉलेजात केमिस्ट्री शिकवती. ती खोटं बोलत न्हाई. ती सांगंल." दोन ताटल्यांत भरीत ठेवलं. बाईंनी दोन्ही चाखलं.

"मी दोन वाक्यं बोलले," बाई म्हणाल्या. "पहिलं, मला चवीत फरक कळला नाही. दुसरं, पण आप्पाच्या रानातली माती मी हातात घेऊन बघितली आहे, तिच्यात जीव आहे. पहिल्या वाक्याला मांडव हसला. दुसरं त्या हसण्यात गेलं."

त्या संध्याकाळी आप्पांनी त्यांना सांगितलं, "आक्का, फरक कळंस्तवर माझ्या घरात जेवाय यायचं न्हाई."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हटलं."

माझी मैत्रीण दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, माणूस रागात बोलतो. ते काय धरून बसायचं असतं का?"

"रागात बोलला असेल. पण बोलला. आणि मी बरं म्हटलं."

"मग एकदा कळला म्हणून सांगा की. वांग्यासाठी काय जातंय?"

बाईंनी सालीचा काळा तुकडा बोटावरून पुसला. "मग तो मला जेवायला वाढेल. आणि प्रत्येक घासाला मला ते खोटं चावायला लागेल."

तेव्हा मला ते रविवार कळले. बाई आप्पांना खोटं पाडण्यासाठी चाखत नव्हत्या. एखाद्या रविवारी खरोखर कळेल, आणि मग आपल्याला त्याच्या घरी जाऊन जेवता येईल, यासाठी त्या चाखत होत्या. स्वतःच्या वाट्या त्या माझ्याकडून मांडून घ्यायच्या, आपल्याला माहीत नको म्हणून. कॅलेंडरकडं बघत किती तरी वेळ घास तोंडात धरायच्या. मी वाटी उलटी करायचे. ज्या रविवारी त्यांचं बरोबर यायचं, त्या रविवारी त्या लगेच दुसऱ्यांदा मांडायला लावायच्या. दुसऱ्यांदा चुकायचं. पोस्टमन असो, गॅसची टाकी आणणारा असो, दारात आलेल्या प्रत्येकाला त्या आत बोलवून तीन वाट्या द्यायच्या. लोकांना ते वेड वाटायचं. गॅसवाला माणूस तर एकदा म्हणाला, "बाई, मीठ घाला, म्हंजे तुमालाबी कळंल." त्याचंही त्या पाठ करूनच ऐकून घ्यायच्या.

एका रविवारी पिशवी आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या वेळी कंडक्टर गाडीतून उतरून माझ्याकडं आले. "आप्पा मिरजंला ॲडमिट हाय. पोटाचं हाय काईतरी. बाईस्नी सांग."

मी घरी येऊन सांगितलं. बाईंनी बाजारातली वांगी शेगडीवर ठेवली होती. त्यांनी शेगडी बंद केली आणि अंगावरच्या साडीनिशीच चप्पल घालून निघाल्या. अर्धवट भाजलेलं वांगं दोन दिवस तसंच पडलं होतं.

आप्पांचं दुखणं मोठं होतं. बाई रोज मिरजेला जायच्या. कधी मी बरोबर जायचे. पहिल्या दिवशी दोघं काय बोलले, मला माहीत नाही. मी गेले तेव्हा ती दोघं नुसती बसली होती. बाईंची भावजय मला म्हणाली, "कायबी खाईनात गं पोरी. तोंडाला चवच न्हाई म्हणत्यात."

आजारी माणूस असं म्हणतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी ते वाक्य मला वेगळं वाटलं. चव आपण वांग्याची म्हणतो आणि तोंडाचीही म्हणतो. बाई इतकी वर्षं ती वांग्यात शोधत होत्या.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "ही ती वाट्या मांडणारी व्हय?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग उद्या घिऊन या की त्या तीन वाट्या. मी कवाच केलं न्हाई ते."

त्यांनी ते कधीच केलं नव्हतं, कारण बाईंनी कंडक्टरकडून निरोप धाडला तेव्हा त्यांनी उलट सांगून पाठवलं होतं, माझं रान मला चाखून बघायची गरज न्हाई. बाईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, मऊ आहे, जिभेवर टेकवण्यापुरतं द्या, आणि इच्छा आहे तर नाही म्हणू नका. त्यांच्या बोलण्याचा अर्थ आम्हाला कळला.

भावजयीनं रानातली वांगी आणवली. बाजारातली बाईंकडं होती. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या छोट्या कपाटाच्या आडोशाला वाट्या मांडल्या. दोन बाजारातल्या, एक आप्पांची. कोणती कुठं, ते मलाच माहीत. बाई सवयीप्रमाणं खिडकीकडं तोंड करून, हात मागं बांधून उभ्या राहिल्या.

"आक्का, हिकडं बघ की गं. असल्या माणसाकडं पाठ करून उभारतीस व्हय?"

"नियम आहे आप्पा."

"तुझा नियम तुझ्या घरी. हितं मी पेशंट हाय."

बाई वळल्या. इतक्या दिवसांत दुसरं कुणी चाखत असताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघितला. त्यांना कोणती वाटी कुठली ते माहीत नव्हतं, म्हणून त्या चेहऱ्यावरून काही ओळखता येणार नव्हतं. पण त्याला बरोबर यावं, एवढं एकच त्यावर होतं. ते कुणालाही वाचता आलं असतं. त्या इतके दिवस भिंतीला काय दाखवत होत्या, ते मला तेव्हा दिसलं.

आप्पांनी पहिली वाटी चाखली. पाण्याचा घोट घेतला. दुसरी. पाणी. तिसरी.

"तिन्ही सारख्याच लागत्यात."

"एक सांगावी लागते रं," बाई म्हणाल्या. आमच्याशी पुस्तकातलं बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी त्याच्याशी बोलताना मधेच 'रं' यायचा.

"मग ही." त्यांनी मधल्या वाटीवर बोट ठेवलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वाटी उलटी केली तर तळाला काही असणार नाही, हे मला माहीत होतं. मी ती उलटी केली. "नाही," मी म्हटलं. "ही नव्हती."

भावजयीनं तोंडाला पदर लावला. आप्पा मात्र हसले, आवाज न करता, नुसते खांदे हलले. "बघ आक्का. मलाबी कळंना."

"तुझ्या तोंडाला चव नाही आप्पा. हे धरायचं नसतं."

"धर की. कळलं न्हाई ते कळलं न्हाई. तूच म्हंतीस न्हवं?" ते थांबले, दम घेतला. "फरक कळंस्तवर माझ्या घरात जेवाय येऊ नगंस, म्हटलंतं मी. आता मलाच कळंना. मग मी तरी माझ्या घरात जेवायचं का न्हाई?"

बाई त्यांच्या उशाशी येऊन बसल्या.

"त्यापरास दोघंबी जेवू. ये घरला."

मग ते डोळे मिटून पडून राहिले. आम्हाला वाटलं झोप लागली. मी वाट्या गोळा करत होते तेव्हा ते म्हणाले, "मातीत जीव हाय म्हणालीवतीस तू. दुसरं वाक्य. मी तवाच ऐकलंतं. राग पयल्याचा व्हता."

बाई त्या दिवशी घरी येऊन बरण्यांपुढं उभ्या राहिल्या. हातात एक चिंचोका होता. मला वाटलं, हा त्या कुठंच टाकणार नाहीत. त्यांनी तो चुकलेल्यांच्या बरणीत टाकला. झाकण लावलं. त्यानंतर त्यांनी ती बरणी उघडलेली मी पाहिली नाही. वाट्या मांडणीवर पालथ्या राहिल्या. आता आप्पा नाहीत. पिशवी मात्र अजून येते, ती भावजय पाठवते, आणि बाई त्या वांग्यांची मीठ घालून भाजी करतात. मेळाव्यात कुणी विचारलं तर अजूनही तीच दोन वाक्यं सांगतात. आता दुसरं आधी सांगतात एवढंच.

पण मला त्यांच्याबद्दल सांगायचं ते यानंतरचं नाही, आधीचं आहे. आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यातलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. बाईंनी मला बरोबर घेतलं, का ते सांगितलं नाही. एसटीत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. उतरल्यावर त्यांनी वाटेतच, आप्पांच्या रानाच्या कडेला, चप्पल काढली आणि हातात घेतली. मीही काढली. जमीन पायाला मऊ लागत होती. ती मला ओळखीची वाटली. कुणाची तरी मेंढरं बसून गेली होती.

आप्पांची खाट पुढच्या सोप्यात, दारासमोर टाकली होती. ते पेजेच्या दोन चमच्यांवर होते. भावजयीनं खाटेसमोरच पाट मांडला. "वन्सं, बसा." मग आतून एक ताट आणलं. नव्यासारखं करकरीत, दुसऱ्या कुणी कधी न वापरलेलं. कडेला कोरलेलं होतं, 'ति. आक्कास, आप्पाकडून'. ते ताट इतकी वर्षं फडताळात तसंच होतं. त्यावरचं नाव कुणी घासलेलं नव्हतं.

ताटात ज्वारीची भाकरी, कांदा, आणि भरीत. मीठ घातलेलं, वर कच्चं तेल सोडलेलं.

बाई जेवायला लागल्या. आप्पा उशीवर मान कलती करून त्यांचा प्रत्येक घास बघत होते. स्वतःला खाता येत नसलेलं माणूस दुसऱ्याच्या खाण्याकडं असं बघतं, हे मी तेव्हा पाहिलं. बाईंना पाठ करता आली असती. त्यांनी केली नाही. सावकाश, त्यांच्याकडं तोंड करून त्या जेवल्या. ताटातलं भरीत संपलं.

"आक्का," आप्पा म्हणाले, "कळला का गं फरक?"

भावजय भाकरी मोडता मोडता थांबली. मला वाटलं, आता तरी. एक शब्द. कुणाचं काय जाणार होतं. बाईंनी तोंडातला घास नीट चावला, गिळला, आणि आप्पांकडं बघून सांगितलं.

"नाही."

मग बाईंनी ताट भावजयीपुढं सरकवलं.

"अजून वाढ," त्या म्हणाल्या.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. "वाढ गं तिला," ते म्हणाले. "पोटभर वाढ."